चौकटीवरची बोटं

शिवा गेल्याची बातमी आली तेव्हा मी सांगली स्टँडच्या कँटीनमध्ये त्याचीच फजिती रंगवून सांगत होतो. फजिती खरं तर माझी. सांगताना नाव तेवढं त्याचं घालायचो. आटपाडीच्या गाडीतून उतरलेला त्याचा पुतण्या माझं हसणं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "काका काल गेलं." ... बशीतला चहा तसाच निवला.

दरवर्षी शिवा आपला खिलार बैल, हरण्या, म्हसवडच्या जनावरांच्या प्रदर्शनाला न्यायचा आणि दरवर्षी हात हलवत परतायचा. दुष्काळात बैलाच्या बरगड्या दिसत होत्या, तरी गेलाच. सोबतीला मी, सल्लागार! एकदा चकाकी यावी म्हणून मीच हरण्याला इतकं तेल चोळलं, की पंचांपुढं जाईतो धूळ बसून पांढरा बैल मातकट झाला. परतल्यावर दारात शिवाची बायको, आमच्या हौसावहिनी, कोमट पाण्यानं हरण्याचे पाय धुवायच्या, गूळ चारून ओवाळायच्या, आणि बोटांचं उरलेलं कुंकू चौकटीला पुसायच्या. मी म्हटलं, वहिनी, हरलाय तो. "आवं, हरला म्हनून पाय दुखायचं थांबत्यात व्हय?" शिवा असा हसला, जणू पहिला नंबर त्याचाच.

वहिनी काविळीनं गेल्या. आणि त्याच वर्षी हरण्याचा पहिला नंबर आला, चांदीचा कप मिळाला. आता गडी खुलेल म्हणून मी हलगीवाले आणले, गुलाल आणला, भाषण पाठ केलं. मिरवत घराशी आलो, तर हरण्या दारात थांबला. ओढला, ढकलला, हलेना. पायांवर पाणी पडायची वाट बघत होता तो. हलग्या आपोआप थांबल्या. मग मीच शहाणा ताट घेऊन पुढं झालो. बैलानं मान झटकली, ताट उडालं, कुंकू सगळं माझ्या तोंडावर. लोक पोट धरून हसले. शिवा खाली बसला होता, हरण्याच्या खुरावर हात ठेवून.

"लय केलंस गड्या... पर ह्यो कप आत न्यून दावू कुनाला?"

मिरवणूक दारातच मोडली म्हणून शिवाला माज आला, असं गाव म्हणालं. माझं भाषण पोटातच राहिलं. तो पुन्हा म्हसवडला गेला नाही.

परवा त्याच्या घरी जाऊन आलो. कप गोठ्यात होता, आत जनावरांचं खडेमीठ. दर दिवाळीला शिवा घर रंगवून घ्यायचा; चौकटीला मात्र कुणाला हात लावू देत नसे. हरल्या वर्षांची वहिनींची बोटं तिथं एकाखाली एक अजून आहेत, काळवंडलेली... त्यांच्याखाली कोरं लाकूड. जिंकल्याचं वर्ष तिथं कुठंच नाही.