इंटरवलनंतरचा नकाशानवीस

इंटरवलचे दिवे लागले, की काका दोन्ही गुडघ्यांवर थाप मारून उठायचे. "चला भिया, आपला पिक्चर झाला!" मागच्या रांगेतले लोक बघतच राहायचे. हा गृहस्थ समोसे आणायला नव्हे, चक्क घरी चाललाय, हे त्यांच्या डोक्यातच यायचं नाही.

देवासला आमची घरं समोरासमोर. तिकडे जो तो एकमेकांचा भिया, म्हणजे भाऊ. काका मूळचे धारचे, सरकारी ऑफिसात नकाशानवीस होते. रिटायर झाले आणि त्याच वर्षी काकू पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, टॉकीजला जाणं बंद झालं. आणि काकूंना पिक्चरचं वेड जबर! तेव्हा काकांनी ठरवलं, आपण दुपारचा शो बघायचा आणि घरी येऊन सांगायचा. काकूंजवळ बसायला शेजारीण यायची, पण तिला मुलं शाळेतून आणायची असत. म्हणून काका अर्ध्यातून उठत. मी मात्र शेवटपर्यंत बसायचो. मला घरी कोण विचारतंय!

एकदा काकूंनी मला खिडकीतून हाक मारली. "काय रे, हल्ली पिक्चरमध्ये नकाशानवीसांना फारच भाव आलाय, नाही?"

मी गारच पडलो. कारण आदल्याच दिवशी आम्ही बघितलेल्या डाकूंच्या पिक्चरात नकाशानवीस औषधालाही नव्हता. काकांना गाठलं, तर म्हणतात, "अरे यार, पुढचं काहीतरी सांगायला तर पाहिजे! सांगता सांगता येतो तो मधेच. मी काय करू?" भुताच्या पिक्चरात यायचा, लग्नाच्या पिक्चरात यायचा. सगळे अडकले, की हा बिचारा कागदाची गुंडाळी घेऊन हजर. मला तर हसून हसून ठसका लागला. काका मात्र गंभीर. "बोलू नकोस हं भिया. तिला कळलं, तर माझ्यावर भरवसा राहायचा नाही तिचा."

मग तो अंतराळाचा पिक्चर आला. काय सांगू तुम्हाला! लाल आभाळ, हवेत तरंगणारं अख्खं शहर, काचेचे डोंगर. काकांनी दीड तास तोंड मिटलं नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीच, की एक मुलगी यानात बसून दूरच्या ग्रहावर जाते आणि तिचा म्हातारा बाप पृथ्वीवर राहतो. यानाचं दार बंद झालं, दिवे लागले, काका उठले.

बरं झालं उठले. पुढे नुसती ढिशूम ढिशूम. कोण कोणाला मारतंय, का मारतंय, देव जाणे. बापाला तर लेखक साफ विसरूनच गेला. पैसे सगळे आभाळ रंगवण्यात संपले असावेत.

काकांनी मात्र घरी सांगताना बापाला सोडलं नाही. तो निघाला नकाशानवीस, अर्थातच. मुलीच्या कोटाच्या अस्तरात त्याने परतीच्या वाटेचा नकाशा शिवून ठेवलेला. वाट चुकलेली पोर तो बोटाने चाचपत घरी येते. ऐकताना काकू रडल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, "आता वॉकर घेऊन चालते मी. हा पिक्चर मला बघायचाच. त्या बापाला बघायचंय."

काका धावत माझ्याकडे. "मेलो भिया! टॉकीज बंद पडलं म्हणून सांग."

"समोरच तर पोस्टर लागलंय, काका."

गेलो तिघं. इंटरवलनंतर काका इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसून राहिले, पण पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. बघत होते काकूंकडे. काकू शांतपणे ढिशूम ढिशूम बघत होत्या. बाप आला नाही, नकाशा आला नाही, पिक्चर संपला.

बाहेर ऑटोची वाट बघत उभे राहिलो. काकांची मान खाली. मला खरंच त्यांची दया आली.

"दिसायला काय सुंदर होता हो!" काकू म्हणाल्या. "पण गोष्टीची वाट लावली मेल्यांनी. आपला बाप कुठे गेला?"

काका पुटपुटले, "ते... मी..."

"अहो, पिक्चर असतो तीन तासांचा. तुम्ही दोन तासांत घरी यायचात. मला काय घड्याळ कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बोलले असते, तर तुम्ही सांगायचं बंद केलं असतं!"

त्यानंतर काकूंनी टॉकीजचं नाव काढलं नाही. तब्येत सुधारली तरीही. काका एकटे जात, अर्ध्यातून परत येत, आणि संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून हसण्याचे आवाज येत. मला हेवा वाटायचा, खरं सांगतो.

गेल्या थंडीत काका गेले. दोन दिवसांचा ताप, बस. काकू कोणाशी धड बोलेनात. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी एक नवा पिक्चर बघून आलो आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून सांगायला बसलो. मला काही काकांसारखं जमत नाही. तरी पुलावरून गाडी कोसळते, तिथवर पोचलो आणि म्हटलं, "इथे इंटरवल होतो. तर पुढे..."

काकूंनी हात वर केला. "थांब. पुढचं नको सांगूस. त्यांनी काय केलं असतं, ते बघू दे मला."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला, आणि काकू एकदम खुदकन हसल्या.