पन्नाशीतलं स्टेअरिंग

आमच्या दारात गाडी होती आणि ती चालवणारं कोणी उरलं नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली त्या दिवशी ह्यांनी घरी येऊन किल्ली खिळ्याला टांगली ती टांगलीच. मुलं बाहेरगावी. आमच्या पडेगावातले शेजारी सांगायला लागले, "इकून टाका. उभ्या गाडीला उंदरं लागतेत."

मी म्हटलं, "इकायची नाय. मी शिकते."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "काय शिकती?"

"गाडी."

"ह्या वयात?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी पन्नाशी ओलांडली होती, तेव्हा मलाही हसू आलंच.

लर्निंग लायसन सहज मिळालं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला एक वयस्कर चाचा होते. मला ते बाजी, म्हणजे ताई, म्हणत. "बाजी, क्लच आहिस्ता छोडो. कायकू घबराते?" म्हणायचे आणि मी चुकले की स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबायचे. त्यामुळे तिथं सगळं जमायचं, आणि घरची गाडी सुरू केली की दोन हात जाऊन बंद पडायची.

एका सकाळी हे म्हणाले, "चल, मी बसतो शेजारी." घरामागं प्लॉटिंगची मोठी मोकळी जागा होती. हे बसले आणि चक्क डोळे मिटून घेतले. "दिसलं तर मी घाबरन. मला ऐकू दे."

मी गाडी काढली. "रडतीय ती, गिअर टाक," हे म्हणाले. मग, "हां, आता खूश हाय." इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी बसून बडबड करत गेले होते, इंजिन कधी ऐकलंच नव्हतं. हळूहळू मलाही ते कळायला लागलं.

तरी पहिल्या टेस्टला मी नापास झाले. पुढं नीट गेले, पण रिव्हर्स घेताना मागं उभा केलेला टेस्टचा खांब पाडला. आरटीओचे साहेब शांतपणे म्हणाले, "घाई झाली मॅडम. सराव करून या."

घरी सासूबाईंनी विचारलं, "झालं?"

"नाय झालं."

आता त्या हसणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्या म्हणाल्या, "मंग परत जा. लगीन होऊन आलीस तव्हा तुझी भाकर तरी कुठं गोल व्हती?"

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर प्लॉटवर आल्या. तेलाचे रिकामे डबे खांबांसारखे ओळीनं मांडले आणि खुर्ची टाकून बसल्या. मी मागं यायला लागले की ओरडायच्या, "डबा! अगं, डबा!" आणि डबा घरंगळत जायचा. पुढं असा दिवस आला की सगळे डबे उभे राहिले आणि त्यांना ओरडायला काही उरलंच नाही.

दुसऱ्या टेस्टला मी खांबांमधून अशी मागं आले, की साहेबांनी नुसती मान हलवली आणि सही केली. बाहेर उभ्या ह्यांना मी लांबूनच हात केला, पण मग लक्षात आलं, बाजूनं आलेलं ह्यांना दिसणार नाही. मी पळत पुढ्यात जाऊन उभी राहिले. हे म्हणाले, "पळत आलीस म्हणजे झालं!"

पक्कं लायसन हातात पडलं त्या रविवारी ह्यांना आणि सासूबाईंना घेऊन खुलताबादला निघाले. दौलताबादच्या अलीकडं जुन्या दरवाजाची अरुंद कमान आहे. मी आत शिरते न शिरते तोच समोरून बस आली. बसच्या मागनं हॉर्न वाजायला लागले. तिकडूनच एक मोटारसायकलवाला ओरडला, "मावशी, साहेबांकडं द्या गाडी!"

ह्यांनी काच खाली केली. "साहेबाला येत नाय. तिलाच येती!"

आमच्या मागचा रस्ता मोकळा होता. मी आरशात पाहिलं आणि एका दमात सरळ रिव्हर्स घेतला. जाताना बसच्या ड्रायव्हरनं मला हात उंचावून सलाम केला. मी रुबाबात तो घेतला.

घाट चढताना गाडी एकदाही बंद पडली नाही. वर पोचल्यावर हे म्हणाले, "माझ्यापेक्षा सफाईनं चढवलीस." असं ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सासूबाईंनी सीताफळं विकत घेतली आणि विकणारीला उगीचच सांगितलं, "सुनेनं आणलं. सोता चालवून." मग गाडीत बसता बसता मला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी गंगापूरला जायचं. माझ्या माहेरी. आन् गाडी पार दारापोहोत न्यायची, समद्यांला दिसंल अशी."