फिरत्या ढालीवर नसलेलं नाव

आमच्या अंधेरीच्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. पन्नास सालानंतर आम्ही दरवर्षी जो चित्रपट सप्ताह भरवायचो, त्यातल्या ‘सर्वोत्कृष्ट अभिनेता’ पुरस्काराचा इतिहास मी लिहावा, असा तरुण मंडळींचा हट्ट आहे. मतं मोजणाऱ्यांपैकी जिवंत अशी मी एकटीच उरले ना! नुसती नावंच हवी असतील तर ढालीवरून उतरवून घ्या म्हटलं, कपाटात पडली आहे, पुसली की दिसतील. बाकीचा इतिहास स्मरणिकेत छापण्याजोगा नाही. तो इथे लिहिते.

पुरस्कार म्हणजे लाकडी फिरती ढाल. जिंकणाऱ्याने वर्षभर ठेवायची आणि परत करायची. पहिल्या वर्षीचा हिरो ती मोटारीत टाकून घेऊन गेला, आणि परत मिळवताना आमच्या कार्यवाहांनी त्याच्या बंगल्यावर इतक्या खेपा घातल्या की तिथला कुत्रासुद्धा भुंकेनासा झाला. दुसऱ्या वर्षीच्या विजेत्याने ड्रायव्हरला पाठवलं. ड्रायव्हरने हार घालून घेतला, वर भाषणही केलं. तिसऱ्या वर्षी कोणीच फिरकलं नाही.

निवड प्रेक्षक करायचे. शाळेच्या सभागृहात सात संध्याकाळी सात सिनेमे दाखवायचे, दारात वाचनालयाची तक्रारपेटी ठेवायची आणि लोकांनी तीत चिठ्ठी टाकायची. आता आमच्या लोकांना हिरोखेरीज एकाही नटाचं नाव ठाऊक नसे. मग चिठ्ठीवर काय, तर ‘सासरा’, ‘विहिरीत उडी मारतो तो’. एकाने तर ‘घोडा’ लिहिलं होतं. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, शाळेत शिकवत होते आणि शिस्तीची मोठी हौस होती. मीच नियम सुचवला, की नटाचं नाव नसेल ती चिठ्ठी बाद. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मालाडच्या एका स्टुडिओत एक्स्ट्रा होते. कोकणातून आले ते फिरत्या नाटक कंपनीबरोबर. कंपनी बुडाली, हे इथे राहिले. कधी वरातीतला माणूस, कधी हवालदार, कधी नुसती गर्दी. आम्ही मरोळला राहायचो. तिकडून वाचनालयात येणारी मी एकटीच, त्यामुळे अण्णा काय करतात हे तिथे कोणाला कळायचं कारण नव्हतं. विचारलं की मी सांगायचे, मालाडला एका कचेरीत कारकून आहेत. त्या काळी तोंडाला रंग लावणाऱ्या बापाच्या मुलीला कुठलं घर पसंत करणार होतं? त्यातून कार्यवाहांनी आपल्या भाच्यासाठी माझा विषय बहिणीकडे काढला होता. तो मुलगा मला आवडला होता, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

चौथ्या वर्षी सप्ताहात लागलेल्या एका सिनेमात अण्णांना पहिल्यांदाच जरा मोठं काम होतं. कोर्टाच्या पायरीवर तारखेची वाट बघत बसणारा म्हातारा. दाढी लावली होती. दोन-तीनच प्रसंग, पण शेवटच्या प्रसंगात शिपाई त्याला सांगतो की तुझा निकाल मागेच लागला, आणि तो नुसता उठून धोतर झटकतो. सभागृहात बायका रडल्या. अण्णा मागच्या बाकावर बसून तो सिनेमा बघून गेले. दाढी नसल्यामुळे त्यांना कोणी ओळखलं नाही. पडद्यावरच्या नावांतही त्यांचं नाव नव्हतं.

रविवारी दुपारी मतमोजणी झाली. मी चिठ्ठ्या वाचायच्या, एका निवृत्त मास्तरांनी पाटीवर रेघा ओढायच्या, कार्यवाहांनी देखरेख करायची. ‘कोर्टातला म्हातारा.’ बाद. ‘पायरीवरचा म्हातारा.’ बाद. ‘धोतर झटकतो तो बाबा.’ बाद. बाद चिठ्ठ्यांचा ढीग हिरोच्या ढिगापेक्षा उंच झाला. कार्यवाहांनी हात कपाळाला लावला.

“अहो, हा म्हातारा आहे तरी कोण? कोणाला नाव ठाऊक असेल तर सांगा, सगळी मतं त्याला धरू. हा बिचारा ढाल न्यायला येईल तरी!”

मास्तर म्हणाले, “असेल कोणी एक्स्ट्रा-बिक्स्ट्रा. त्यांना कुठली नावं?”

मी पुढची चिठ्ठी उघडली. जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं, वळणदार अक्षर. अण्णांचं अक्षर मी ओळखणार नाही असं कसं होईल? त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि खाली, ‘कोर्टातील वृद्धाची भूमिका’. नियमात चोख बसणारी त्या म्हाताऱ्याची ती एकच चिठ्ठी, आणि तिच्यावर माझं आडनाव.

“कोरी आहे,” मी म्हणाले आणि ती मुठीत चुरगळली.

बक्षीस समारंभाला अण्णा इस्त्रीचा काळा कोट घालून आले. त्याच सिनेमाचा हिरो जिंकला होता, आणि अर्थातच आला नव्हता. कार्यवाह वैतागून माइकवर म्हणाले, “या चित्रपटात काम केलेलं कोणी आहे का सभागृहात? निदान ढाल तरी स्वीकारा!” कार्यवाह पहिल्या रांगेकडे बघत होते, आणि पाचव्या रांगेत अण्णा अर्धवट उठले. उठता उठता त्यांनी व्यासपीठावर माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं पाहिलं. मी समोरच्या कागदांत डोकं घातलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा ते खाली बसले होते.

मरोळच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, “माका किती मतां पडली गो?”

“एकय नाय, अण्णा.”

ते चालायचे थांबले. मग “बरां” म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. आपण स्वतः टाकलेली चिठ्ठी कुठे गेली, असं त्यांनी मला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला एक थोबाडीत द्यायला हवी होती.

महिन्याभराने कार्यवाह बहिणीला आणि भाच्याला घेऊन मला बघायला आले. पोहे झाले, इकडचं तिकडचं झालं. मग भाच्याच्या आईने अण्णांना विचारलं, “आपण मालाडला कचेरीत असता ना?”

मी अण्णांना काहीच सांगून ठेवलं नव्हतं. तेवढं धैर्यही माझ्यात नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पाठ थोडी वाकवली, चष्मा पुसला आणि एरवी घरात कधी न बोललेल्या शुद्ध मराठीत म्हणाले, “हो. कारकून आहे. वीस वर्षं झाली.” पुढे साहेबाचा, फायलींचा, शाईच्या दौतीचा असा एक किस्सा सांगितला की पाहुणे हसून हसून बेजार झाले. लग्न तिथेच ठरलं.

त्यानंतर ते दर दिवाळीला माझ्या सासरी यायचे, कारकून म्हणूनच. सिनेमाचा विषय निघाला तर म्हणायचे, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. ते गेले तेव्हा माझ्या सासूबाई मला जवळ घेऊन रडल्या. “किती सरळ माणूस गं,” त्या म्हणाल्या, “जन्मभर कचेरी आणि घर, दुसरं काही माहीतच नाही.” मी हो म्हटलं.