शिवलेलं शेवटचं पान

नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी एक बाइंडर यायचे आणि व्हरांड्यात बसून फाटकी पुस्तकं शिवायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा कॉम्प्युटर कंपनीत नवा लागलो होतो आणि विज्ञानकथांचा फडशा पाडत होतो. पुस्तक परत करताना त्यांना माझं मत ऐकवायचो. खळीने माखलेला अंगठा पुठ्ठ्यावर दाबत ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

एकदा मी एका कादंबरीच्या शेवटावर भरभरून बोललो. वीस वर्षांनी अंतराळवीर पृथ्वीजवळ पोचतो, खिडकीतून बघतो आणि यान मागे वळवतो.

"असा शेवट दुसऱ्या कुणाला सुचणार नाही," मी म्हणालो.

"मी लिहिलाय तो," सुई न थांबवता ते म्हणाले. "गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडून जुळत्या अक्षरांत काढून घेतला."

मी पुस्तक उघडून शेवटचं पान पाहिलं. "मूळ पान हरवलं होतं का?"

"छे, होतं की. त्यात तो उतरतो, सत्कार होतो, हार घालतात. अहो, एवढ्या लांब जाऊन आलेला माणूस सत्काराला थांबेल का?"

माझ्या पिशवीत त्यांनी शिवलेली आणखी दोन पुस्तकं होती. दोन्हींचे शेवट मला फार आवडले होते.