देवळातली तालीम

लग्नानंतर मी हळूहळू फुगत गेले. पाणी मोलकरीण भरायची, दळण गिरणीत जायचं, आणि माझ्याकडे चिवड्यात मीठ बरोबर पडलं की नाही हे बघण्याचं काम होतं. ते मी पुन्हा पुन्हा बघत असे. शेवटी पापड वाळत घालायला गच्चीचा जिना चढले की वर जाऊन पापडांशेजारी मीच पडायची.

यांनी डॉक्टरांकडे नेलं. मी खाली मान घालून बसले, उत्तरं सगळी यांनीच दिली. डॉक्टर म्हणाले, "रोग काही नाही. बसणं फार होतंय. यांना रोज तासभर चालवा." जसा काही मी टांग्याचा घोडाच!

सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "चालून जायचं कुठे? बाईमाणूस उगाच कशाला चालेल?"

खरंच होतं. आमच्या पंचवटीत बाई निघाली की पाण्याला, देवाला, नाहीतर कुणाच्या बाळंतपणाला. नुसती चालायला निघालेली मी तरी पाहिली नव्हती.

तेवढ्यात आषाढी आली. चातुर्मासात मी दर वर्षी कारलं सोडत असे, कारण मला ते आवडतच नसे. यंदा सासूबाईंनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "रोज पहाटे रामाला प्रदक्षिणा घालीन." त्या इतक्या खूश झाल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

देवळाचं आवार मोठं. सुरुवातीला मी प्रत्येक कोपऱ्यावर हात जोडून, डोळे मिटून उभी राहायची. बघणाऱ्यांना भक्ती दिसे. मी श्वास गोळा करत असे. एक दिवस एका म्हातारीने मलाच वाकून नमस्कार केला. लाजेने मी जी सुटले, ती न थांबता झालेली माझी पहिली प्रदक्षिणा.

दिवाळीपर्यंत मी फराळाचे डबे घेऊन जिना चढू लागले. रात्री झोप लागे, सकाळी डोकं हलकं असे. आणि कार्तिकी एकादशी जवळ आली. सासूबाई उद्यापनाच्या तयारीला लागल्या. उद्यापन झालं की नेम संपणार, आणि नेम संपला की मी पुन्हा पापडांशेजारी.

दोन दिवस शब्द जुळवले. ऐनवेळी ते सगळे गेले. "सासूबाई, नेम सोडायचा नाही मला."

"का गं? देवाने द्यायचं काही राहिलं का?"

"दम लागत नाही हो आता."

त्यांनी हातातली परात खाली ठेवली. "म्हणजे तू देवासाठी जातच नव्हतीस!"

"नमस्कार करते ना रोज."

"धन्य तुझी! रामाच्या देवळाची तालीम केलीस होय? आता जोर काढायचेच तेवढे राहिलेत!"

मी रडायच्या बेतात. त्या परात उचलून पुन्हा तयारीला लागल्या. उद्यापन यथासांग झालं आणि सवाष्णींना वाढताना माझ्या हातून मठ्ठा सांडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग आली. आता उठून करायचं काय, म्हणून पडून राहिले. तोच दाराशी सासूबाई, अंगावर शाल घेऊन.

"उठतेस ना? म्हातारी सासू देवाला निघाली तर सुनेने सोबत नको का यायला? कोण काय म्हणणार आहे?"

मी धावतच निघाले. पण आवारात त्या अशा झपझप चालल्या की मला गाठता येईना. पुढच्या कोपऱ्यावरून वळून म्हणाल्या, "चातुर्मासभर केलंस तरी काय गं?"