मार्सलीनची पंच्याऐंशी

मार्सलीनइतकी हट्टी बाई फ्रान्समधल्या आमच्या आवीझ गावात दुसरी झाली नाही, आणि हे मी तिची बालमैत्रीण म्हणून कौतुकानंच सांगते. माझी बेकरी तिच्या घरासमोर. त्या घरातलं भांडण असो की हसू, पहिलं माझ्या कानावर येतं.

शॅम्पेन आमच्याकडे सगळेच करतात. एरवी तीन-चार सालांची वाइन एकत्र मिसळतात, एकीचं उणं दुसरी भरून काढते. पण एखादं साल असं येतं की त्याला कुणाचा आधार लागत नाही. मग त्या एकाच सालाची शॅम्पेन करायची, बाटलीवर साल घालायचं आणि ती तळघरात वर्षानुवर्षं पडू द्यायची. साल घातलं की मग लपायला जागा नाही. मार्सलीनच्या आजोबांनी एकोणीसशे एकवीस सालची केली होती, वडिलांनी, म्हणजे ओक्ताव काकांनी, सत्तेचाळीसची. त्या सत्तेचाळीसवर निम्म्या गावाची लग्नं लागली, माझंसुद्धा. जुनी माणसं नुसतं नाव काढलं तरी अजून जिभल्या चाटतात.

काकांनी तळघराच्या किल्ल्या लेकीच्या हाती दिल्या तेव्हा गावानं नाकं मुरडली. एकोणऐंशीला बऱ्याच जणांनी साल घातलं, हिनं नाही. ब्याऐंशीला द्राक्षं ठेवायला जागा पुरेना, तरी ही म्हणाली, यंदा नाही. माझा नवरा म्हणायचा, हिला येशूनं स्वतः खुडलेली द्राक्षं हवीत. काका चकार शब्द बोलायचे नाहीत. तिच्या हातच्या वाइनचा एक घोट घ्यायचे आणि पेला खाली ठेवायचे. दुसरा घोट म्हणून नाही. ‘पोरी, जमलं तुला’ असं जन्मात म्हणाले नाहीत. तेवढं एकदा ऐकायचं होतं तिला. बाकी गावाला ती भीक घालत नव्हती.

मग पंच्याऐंशीच्या थंडीनं वेली जाळल्या. ज्या वाचल्या त्यांना मोजकेच घड आले, आणि ही बया म्हणाली, यंदा. लोक हसले. तिनं बाटल्या भरल्या, कोपऱ्यात रचल्या आणि दहा वर्षं त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं.

दहा वर्षं व्हायच्या आतच एका हिवाळ्यात काकांच्या छातीत पाणी झालं. वेली फुलेपर्यंत काही ते टिकत नाहीत, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती तशीच माझ्या दुकानात आली आणि पाव न घेता उभी राहिली. मलाच रडू फुटलं. ती म्हणाली, रविवारी ये, पेल्यात बुडवायला गुलाबी बिस्किटं आण, पंच्याऐंशी फोडतेय. उभ्या जन्मात तिनं केलेली ही पहिली घाई.

रविवारी काका शाल पांघरून खिडकीशी बसले होते. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पेला खाली ठेवला. मार्सलीनच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

“कच्ची आहे,” काका म्हणाले. “तू कधीपासून घाई करायला लागलीस?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि काय ते ओळखलं. म्हातारा महाबेरकी!

“डॉक्टरचं डॉक्टरपाशी,” ते म्हणाले. “अजून दोन वर्षं ठेव.”

“आणि तुम्ही, बाबा?”

“मला कुठं जायचंय? थांबतो की.”

माझं डोकंच फिरलं. मरणाच्या दारात बसलाय, पण पोरीला एक गोड शब्द देववत नाही मेल्याला! दारापर्यंत आल्यावर मी तसं बोललेसुद्धा. पाहते तर मार्सलीन डोळे पुसत हसत होती.

आणि थांबला हो म्हातारा. वेली फुलल्या तेव्हा काठी टेकत बघून आला. रस्त्यात डॉक्टर भेटला की उलट त्याचीच तब्येत विचारायचा.

पंच्याण्णवची तोडणी संपली त्या दुपारी मार्सलीननं कुणाला न विचारता बाटली वर आणली. बूच निघालं तसा, शॅम्पेन मुरली की येतो तो, भट्टीतून काढलेल्या पावाचा वास सुटला, आणि तो वास काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. काकांनी एक घोट घेतला. आम्ही दोघी त्यांच्या हाताकडे बघत होतो. पेला खाली गेला नाही. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि रिकामा पेला लेकीपुढे धरला.

“भर,” ते म्हणाले.

फेस पेल्यावरून सांडला तरी मार्सलीन ओततच राहिली, शेवटी बाटली मला धरावी लागली.