न जळणारी वात

माझ्या छातीत नेमकं काय शिरलं आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा नवल जास्त वाटत होतं. विडी नाही, तंबाखू नाही, घराण्यात दम्याचं कुणी नाही. तरी ओट्यावरून विहिरीपर्यंत गेलो की छातीला पट्टा आवळल्यासारखी धाप लागायची. खोकला कोरडा, त्यातून काही सुटायचं नाही. बोटांची टोकं फुगीर झाली होती, तीही मी उन्हात धरून निरखत बसायचो. चौकशा करायची मला लहानपणापासून खोड. सौ. म्हणते, "यम दारात आला तरी तुमी त्याला आधी रेड्याचं वय इचाराल." पण या वेळी विचारणार कुणाला? राहात्याच्या दवाखान्यात छातीच्या फोटोवर डाग दिसले, टीबीचा संशय आला आणि गोळ्या सुरू झाल्या. घरात माझं ताट-तांब्या वेगळं झालं, खोली वेगळी झाली. माझी नात सई चार वर्षांची. तिला बजावलं होतं, आबांच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. ती उंबऱ्यापलीकडे बसून भातुकली मांडायची आणि माझा चहा उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायची. तिथे मात्र माझं सगळं नवल संपायचं. त्या उंबऱ्याकडे बघून मी रडलो आहे, आणि देवघरातल्या भगवतीला विचारलंही आहे, तू खरंच आहेस का गं?

या देवघराचं थोडं सांगायला हवं. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात मी बॉयलरच्या बाजूला कामाला होतो. वाफेचे लोखंडी पाइप उघडेबोडके राहिले तर उष्णता वाया जाते, म्हणून त्यांच्यावर पांढरट तंतूंचं जाड पांघरूण घालावं लागे. त्याचं खरं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही सगळे त्याला 'कापूस' म्हणायचो. गाळप बंद झालं की जुना कापूस ओरबाडून काढायचा आणि नवा पाण्यात कालवून लिंपायचा. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे आम्ही पांढरे होऊन घरी यायचो आणि सौ. अंगणात माझे कपडे झटकायची. त्याच कापसाचा दोरही असे. त्यातला एक तुकडा मी घरी आणला आणि भगवतीच्या समईला त्याची वात केली. ती वात जळायचीच नाही! तेल संपायचं, वात तशीच. काजळी पुसली की पुन्हा नव्यासारखी. शेजारच्या बाया बघायला यायच्या, हात जोडून जायच्या. आपण देवीला काहीतरी जगावेगळं दिलं म्हणून मलाही बरं वाटायचं.

राहात्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, नोकरी कसली केली? मी म्हटलं, कापसाचं काम. त्यांनी मान हलवली. मी खोटं बोललो नव्हतो, त्यांनीही चुकीचं ऐकलं नव्हतं. शब्दच तसा होता. गोळ्यांनी जेवण तुटलं, अंगावरचं मांस गेलं, पण धाप काही हटेना. शेवटी त्यांनीच नगरच्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मुलगा म्हणाला गाडी करू, पण मी हट्टाने एसटीने निघालो. कदाचित शेवटचाच प्रवास असेल, तर खिडकीतून सगळं बघून घ्यावं, असं मनात होतं.

रस्त्याचं काम चालू होतं. बाभळेश्वर मागे पडलं आणि खिडकीतून धुळीचे लोट आत येऊ लागले. कोल्हार येईपर्यंत खोकून खोकून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सौ. घाबरली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उतरून जरा गार हवा खा, मागून दुसरी गाडी हाय." म्हणून आम्ही उतरलो आणि सावली बघून भगवतीच्या देवळात जाऊन बसलो. दर्शनाला म्हणून नव्हे. मी तर देवीवर रुसलेलाच होतो.

मंडपात खांबाला टेकून एक म्हातारी बाई वाती वळत होती. समोर पिंजलेला कापूस, राखेत बोट बुडवायचं आणि तळहातावर झरझर वात फिरवायची. सौ.ला राहवलं नाही. ती कौतुकाने म्हणाली, "मावशी, आमच्याकडं वातीच लागत न्हाईत बघा. यांनी एक वात आणलीय, ती जळतच न्हाई."

बाईचा हात थांबला. "जळत न्हाई? कशाची हाय?"

"कापसाचीच," मी म्हटलं.

त्यावर ती बोळक्या तोंडाने इतकी हसली की तिच्या मांडीवरच्या वाती खाली घरंगळल्या. "अवो भाऊ, जळत न्हाई त्यो कापूस कसला? दगुड असंल, दगुड! देवीपुढं दगडाची वात लावली व्हय तुमी?"

मीही हसलो, हसता हसता खोकलो. तिने तांब्यातलं पाणी दिलं आणि पुन्हा वाती वळू लागली. एवढंच घडलं. पुढच्या गाडीत बसलो, पण तो प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसला. का जळत नाही? जन्मभर नको त्या चौकशा केल्या आणि घरात रोज डोळ्यांसमोर असलेल्या वातीची चौकशी करायची तेवढी राहून गेली होती.

नगरच्या डॉक्टर तरुण होत्या. माझ्या पाठीला नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "काका, काम काय करायचात?" 'कापसाचं' हा शब्द ओठांवर आलाच होता, पण त्या मावशीचं हसू आठवलं आणि तोंडातून निघालं, "न जळणाऱ्या कापसाचं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकेक विचारत गेल्या. रंग कसा होता, हाताला टोचायचा का, कुठे लावायचात? कुणीतरी माझ्याकडे इतक्या चौकशा करतंय याचाच मला आनंद झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तो कापूस नाही. त्याला ॲस्बेस्टॉस म्हणतात. खाणीतून निघतो. दगडच असतो तो, तंतूंचा दगड."

दगड म्हटल्याबरोबर सौ.ने माझा दंड घट्ट धरला. माझ्या अंगावर काटा आला.

पुढे मोठ्या मशिनीत झोपवून छातीचा आतला फोटो निघाला, राहिलेल्या तपासण्यांचे निकाल आले. टीबी नव्हताच, त्या गोळ्या बंद झाल्या. ते तंतू फुफ्फुसात रुतून तिथे वण पडले आहेत आणि ते वण आता भरून येणार नाहीत, हे डॉक्टरांनी न लपवता सांगितलं. धूळ-धूर टाळायचा, श्वासाचे व्यायाम करायचे, आहे तेवढा श्वास जपून वापरायचा. मी एकच विचारलं, "हे नातीला लागतं का?" त्या म्हणाल्या, "नाही. तिला खुशाल मांडीवर घ्या." मी तिथेच रडू लागलो. कपडे झटकणाऱ्या सौ.चीही त्यांनी तपासणी केली. तिची छाती आज तरी स्वच्छ आहे, पण अधूनमधून दाखवत राहायचं आहे. समईतली वात त्यांनी सांगितल्याप्रमाणे ओली करून, दोन पिशव्यांत बांधून घराबाहेर काढली.

गोळ्या सुटून जेवण जाऊ लागलं, अंगात जरा ताकद आली, तेव्हा मी मुद्दाम कोल्हारला गेलो. मनात होतं, ती बाई दिसणारच नाही, देवीच्या कहाण्यांत अशी बाई नंतर नाहीशीच होते. पण ती त्याच खांबापाशी बसली होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी असं बोलले व्हय? मला तर न्हाई बा आठवत. आमी काय, तोंडाला यील ते बोलतो." आणि ओंजळभर वाती माझ्या पिशवीत टाकून म्हणाली, "ह्या घ्या. ह्या जळत्यात." मग ते शब्द कुणाचे होते, हा प्रश्न माझ्या खोडीप्रमाणे मी बरेच दिवस उलटसुलट करून पाहिला. आता मी तो भगवतीच्या पायाशी ठेवून दिला आहे.

आता आमच्या देवघरात रोज नवी वात लागते. ती जळते, संपते, आणि त्यात काही बिघडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. परवा समई लावून बसलो होतो. सई मागून गळ्यात पडली आणि माझ्या पाठीला कान लावून गप्प झाली. डॉक्टरांनी नळीतून ऐकला तो चुरचुर आवाज तिला ऐकू आला असावा. ती हळूच म्हणाली, "आबा, तुमच्या आत पाचोळ्यावरून कोण चालतंय?"

मी म्हटलं, "भगवती असंल गं."

पोरीची समजूत काढायला म्हणून बोललो, पण बोलून झाल्यावर लक्षात आलं, मला ते खरंच वाटत होतं. सई पाठीला कान लावून तशीच ऐकत राहिली. तिला नीट ऐकू यावं म्हणून मी एक मोठा श्वास घेतला.